लाल होण्याआधी

पितळ कधी पिकलं हे ओताऱ्याला पाठमोरं बसूनही कळतं, असं कारखान्यात म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती होती. तो भट्टीकडे पाठ करून चहा पीत बसायचा खरा, पण मधूनच मान वळवून मुशीत वितळणाऱ्या धातूचा रंग बघून घ्यायचा. आधी काळपट तांबडा, मग संत्र्याच्या सालीसारखा, आणि मग त्यावर पांढऱ्या धुराची एक बारीक बट. ती बट उठली की तो कप खाली ठेवून म्हणायचा, "पिकलं." मग मूस उचलायची आणि साच्यांत ओतायची. तेवीस वर्षांत त्याचा हा शब्द एकदाही चुकला नव्हता. माणसाचं इतकी वर्षं काही चुकू नये. पुढे ते जड जातं.

साचे करायचं काम त्याच्या धाकट्या भावाचं. दोन लाकडी चौकटींत वाळू ठासायची, मध्ये भांड्याचा लाकडी नमुना दाबायचा, नमुना अलगद काढून घ्यायचा, की भांड्याच्या आकाराची पोकळी तयार. ऐकायला सोपं आहे. वाळू कोरडी राहिली तर पोकळीच्या कडा ढासळतात, आणि ओली झाली तर तापल्या धातूखाली तिची वाफ होते आणि भांड्याला भोकं पडतात. धाकटा वाळू मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा आणि तो गोळा दोन बोटांनी मधोमध मोडायचा. मोडलेल्या कडा धारदार राहिल्या तर मान हलवायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून चार वाक्यं निघाली तर पुष्कळ. कारखान्यात त्याला गोगलगाय म्हणत. "गोगलगाय आणि पोटात पाय," असं कुणी चिडवलंच, तर ओतारी म्हणायचा, "याच्या पोटात पाय नाहीत, हात आहेत."

आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि ओतारी पंधराचा. त्याचे दात घासून देण्यापासून वाळूत हात घालायला शिकवण्यापर्यंत सगळं ओताऱ्यानंच केलं होतं. त्यामुळे दादा म्हणेल ती पूर्व दिशा, हे धाकट्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मालकांना नव्याची नवलाई फार. एकदा ते एका एजंटाला घेऊन आले. एजंटाच्या पिशवीत एक पांढुरकी वीट होती.

"उचला," एजंट ओताऱ्याला म्हणाला.

ओताऱ्यानं पितळेच्या विटेला लावतात तसा जोर लावून ती उचलली, आणि वीट थेट त्याच्या हनुवटीवर आदळली. सगळे खो खो हसले.

"यात धातू आहे की हवा?" हनुवटी चोळत त्यानं विचारलं.

"अ‍ॅल्युमिनियम," एजंट म्हणाला. "पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे बघायला राजवाड्यात जावं लागलं असतं. सोन्याहून महाग. सांगतात, की एका बादशहाच्या मेजवानीत खास पाहुण्यांना याचे चमचे द्यायचे, आणि बाकीच्यांनी आपलं सोन्याच्या चमच्यांवर भागवायचं."

"मग आता तुमच्या पिशवीत कसं आलं? बादशहाचं दिवाळं निघालं?"

"विजेनं आणलं. हा धातू मातीत जिथे तिथे आहे, पण मातीला असा चिकटून बसलेला, की सुटता सुटेना. आता धबधब्याच्या पायथ्याशी वीज करतात आणि त्या विजेनं याला मातीपासून सोडवतात. झालं स्वस्त! इतकं स्वस्त, की याचं करायचं काय हेच कळेना. मग कुणीतरी म्हणालं, भांडी करा. तांब्यासारखी कल्हई नको, हिरवं चढत नाही, आणि वजनाला फूल."

मालकांचे डोळे चमकले. एजंटानं पिशवी उचलली आणि दारातून मागे वळून तो म्हणाला, "एक मात्र लक्षात ठेवा. हा लाल होण्याआधी ओतायचा. लाकडाची काडी बुडवून बघा. काडी काळी पडली आणि पेटली नाही, की ओता. पितळेसारखी वाट बघत बसलात तर फसाल."

"बरं झालं सांगितलंत," ओतारी म्हणाला. "जाता जाता नदीवर थांबा आणि माशांनाही पोहायला शिकवून जा."

पुन्हा हशा पिकला. धाकटाही हसला.

पहिल्यांदा तो धातू मुशीत घातला तेव्हा तो फार लवकर वितळला. धूर नाही, रंग नाही. भट्टीच्या तोंडातून आत पाहिलं तर नुसता आरशासारखा पडून होता. लाल न होता वितळलेला धातू ओताऱ्याला वितळल्यासारखा वाटेचना. काडी बुडवायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो वाट बघत राहिला. भाता चालूच होता. शेवटी मुशीत कोवळा तांबडा रंग चढला, मग गडद झाला, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला बरं वाटलं. तो म्हणाला, "पिकलं."

चाळीस पातेली निघाली. घासून पुसून ठेवली तेव्हा कारखान्यात चांदणं पडल्यासारखं झालं. आठवड्यात सगळी विकली गेली, आणि पुढच्या आठवड्यात परत यायला लागली.

सगळ्यात आधी पाववाल्याची बायको आली. तिनं पातेलं मालकांच्या टेबलावर एका कोऱ्या कागदावर ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. हळूहळू पातेल्याच्या बुडाला घाम फुटला. थेंबाला थेंब मिळाला आणि कागद भिजला.

"भांडं आहे की गाळणी?" ती म्हणाली. "दूध तापवायला ठेवलं तर दूध खाली आणि चूल गार. मी तापवू काय, आणि विझवू काय?"

मालकांनी पातेलं खिडकीशी धरलं. बुडाला सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसत होते. त्यांनी दोघा भावांना बोलावलं.

"हे कशानं झालं?"

ओताऱ्याला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती. मालक त्याच्याकडे बघत होते, पाववाल्याची बायको बघत होती, दारात बाकीचे कामगार जमले होते. तेवीस वर्षं एकदाही न चुकलेला माणूस तिथे उभा होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाळू ओली असेल."

भोकं पडली की वाळू ओली, हे ओतकामातलं शेंबडं पोरही सांगेल. कुणाला शंका आली नाही. धाकट्यानं एकदा दादाकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"असेल," तो म्हणाला. "दादा म्हणतोय म्हणजे असेल."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुन्हा संधी दिली. धाकट्यानं वाळू उन्हात वाळवली, पातेली तरीही पाझरली. आणखी वाळवली, तर साच्यांच्या कडा ढासळायला लागल्या. तो एकच मूठ दहा-दहा वेळा दाबायचा, मोडायचा, आणि शेजारच्याला विचारायचा, "बघ रे, तुला ओली वाटते का?" ज्यानं आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं, तो भट्टीला कोळसा घालणाऱ्यालाही विचारायला लागला. मग पितळेची कामंही बिघडली. एकदा हातावरचा विश्वास उडाला, की हात कोणत्या धातूसाठी चाललाय हे बघत नाही.

एका सकाळी त्यानं आपला कातडी एप्रन खुंटीला अडकवला आणि दादाला म्हणाला, "जातो." ओतारी म्हणाला, "अरे, होईल नीट." एवढंच म्हणाला. धाकट्याला धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायचं काम मिळालं. मालकांनी त्या नव्या धातूला हात जोडले. "बादशहालाच लखलाभ होवो," म्हणाले, आणि पुन्हा पितळ सुरू झालं.

दोघा भावांत भांडण असं कधीच झालं नाही. भांड्याला भांडं लागलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. धाकटा लग्नाकार्यात भेटायचा, वाकून नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा. ओतारी बरी आहे म्हणायचा. त्याच्या घरी जाणं मात्र तो टाळायचा, आणि का टाळतो हे स्वतःलाही विचारायचा नाही.

अशी अकरा वर्षं गेली. तेवढ्या काळात त्या पांढऱ्या धातूनं सगळ्यांची स्वयंपाकघरं जिंकली. दुसऱ्यांच्या कारखान्यांतून हलकी पातेली यायची, आणि पितळेची भांडी माळ्यावर चढायची. मालक एक दिवस म्हणाले, "आता हे करायचं, नाहीतर कुलूप लावायचं." दवाखान्यांना, वसतिगृहांना मोठी जाड बुडाची पातेली लागत. ती ओतूनच करावी लागत.

साच्यांसाठी नवा माणूस आणला होता. तो इतकं बोलायचा, की दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव पोपट पडलं. त्याची वाळू पाहून ओताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, ही वाळू आहे की चिखल?"

"मास्तर, वाळू आणि बायको जरा ओलाव्यातच बऱ्या," पोपट म्हणाला. "कोरड्या झाल्या की लागले तडे जायला."

त्या दिवशी कोळसा वाईट आला होता, निम्मे दगड आणि निम्मी भुकटी. भाता मारून मारून माणसं दमली, पण भट्टी चढेना. धातू वितळला होता, पण लाल व्हायचं नाव नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा कारभारी येऊन बसला होता आणि मालकांची चुळबूळ चालली होती.

"ओता आता, ओतारी."

"पिकलं नाही अजून."

"ओता म्हणतो ना!"

ओताऱ्यानं रागारागानं मूस उचलायला लावली. बिघडू दे सगळं, म्हणजे यांना कळेल, असं त्याच्या मनात होतं. चिखलासारखी वाळू, न पिकलेला धातू. नऊ पातेली ओतली. गार झाल्यावर ती पाणी भरून कोऱ्या कागदांवर मांडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ कागद कोरडे होते.

"बघा!" पोपट ओरडला. "वाळू असावी तर अशी!"

सगळे हसले. ओतारी एकेक कागद उचलून बोटांनी चाचपत होता. चौथ्या-पाचव्या कागदापाशी त्याला कळलं, की इतक्या चिखलातूनही भोकं पडली नाहीत, म्हणजे तेव्हाही दोष वाळूचा नव्हता, धातू लाल होऊ देण्याचा होता. दारातून वळून बोलणारा एजंट त्याला दिसला. लाल होण्याआधी ओतायचा. आपण माशांचा विनोद केला होता.

तरीही त्यानं खात्री करून घेतली. चांगला कोळसा स्वतः निवडून आणला. वाळू तीच, धातू तोच, मूस एकच. धातू वितळल्यावर लाकडाची काडी बुडवली. ती काळी पडली, पेटली नाही. त्यानं एक पातेलं ओतलं. उरलेला धातू पूर्वीसारखा लालभडक होऊ दिला आणि मग दुसरं ओतलं. दोन्ही गार झाल्यावर त्यानं हातोडीनं फोडली. पहिल्याची मोडलेली कड मिठाच्या खड्यासारखी दाट आणि पांढरी होती. दुसऱ्याची करडी पडली होती आणि आतून सुईनं टोचावी तशी ठिपक्या-ठिपक्यांची होती. साध्या डोळ्यांनी दिसत होतं. अकरा वर्षांपूर्वी एक पातेलं फोडलं असतं, तर तेव्हाही दिसलं असतं. पण तेव्हा कुणी फोडलं नाही, खापर मात्र फोडलं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. 

"मग आता काय?" ती म्हणाली. "अकरा वर्षांनी जाऊन भावजींची जखम उकरणार?"

"त्याला सांगायला हवं."

"त्यांना सांगायला हवंय, की तुम्हाला सुटायला हवंय?"

फोडलेल्या पातेल्यांचा एकेक तुकडा त्यानं फडताळात ठेवून दिला. 

मालकांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते. "अहो, अकरा वर्षं झाली त्याला. मला तर आठवतही नाही," ते म्हणाले. "ते राहू द्या. पण हा पोपट नको मला. वाळूचा खरा माणूस पाहिजे. तुमचा गोगलगाय येतो का बघा. उद्याची सुट्टी झाली, की परवापासून येऊ दे."

ओताऱ्याला वाटलं, झालं, आता रिकाम्या हातानं जायला नको. चूक कबूल करायची आणि त्याच्या हातात त्याचं काम परत ठेवायचं. सुट्टीच्या दुपारी फडक्यात ते दोन तुकडे गुंडाळून तो निघाला. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. एकही पूर्ण होईना.

धाकट्याचं बिऱ्हाड गोदामांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि मागे एक अरुंद सज्जा. दादा आलेला पाहून धाकटा गडबडून उठला. भावजयीनं खुर्ची पुसून पुढे केली. पुतणी चहा घेऊन आली, आणि उंबरठ्याला पाय अडखळून निम्मा चहा बशांत सांडला.

"झाली वाळू ओली!" भावजय म्हणाली, आणि तिघंही हसायला लागली. धाकटा सगळ्यांत जास्त हसला.

"म्हणजे काय?" ओताऱ्यानं विचारलं.

"काका, आमच्या घरातली म्हण आहे ती," पुतणी म्हणाली. "शिवण उसवली, निरोप चुकला, काही म्हणजे काही बिघडलं की म्हणायचं, बाबांची वाळू ओली!"

"अगं, दादासमोर काय..." धाकटा हसू आवरत म्हणाला.

"हसा हो, दादा," भावजय म्हणाली. "हे स्वतःच काढतात तो विषय."

ओताऱ्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली. "जरा बाहेर येतोस?" तो धाकट्याला म्हणाला.

सज्ज्यात दोघं उभे राहिले. ओताऱ्यानं फडकं सोडलं आणि दोन्ही तुकडे कठड्यावर ठेवले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. धाकट्यानं पहिला तुकडा उचलून मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला.

"वाळू कुणाची?"

"नव्या माणसाची. दोन्हीला एकच."

"ओली आहे," तुकड्याचं बाहेरचं अंग निरखत धाकटा म्हणाला. "फार ओली."

"तुझी कधीच नव्हती इतकी ओली."

धाकट्यानं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. खाली गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. 

"उष्णता," तो म्हणाला.

"हो. माझी उष्णता. तुझी वाळू नाही."

"एजंट सांगून गेला होता."

"तुझ्या लक्षात आहे?"

"मी तिथेच होतो की. नंतर एक-दोनदा मनात आलंही होतं. मग माझीच मला लाज वाटली. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. आपली चूक दादाच्या गळ्यात मारायला निघालोय." तो कठड्याला टेकला. "तेव्हाच बोलायला हवं होतं. म्हणजे चूक माझीही झाली. नवा धातू होता, दादा. कुणाचीही नजर चुकली असती."

 भीत भीत ओताऱ्यानं मालकांचा निरोप सांगितला. उद्यापासून ये, म्हणाले.

धाकट्यानं आपले हात वर धरून पाहिले. सुतळी ओढून ओढून बोटांच्या पेरांवर घट्टे पडले होते. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. लहानपणी जत्रेला नेतो म्हटल्यावर उजळायचं तसं.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. "चावी मालकांकडेच असते ना अजून? चल, आत्ताच वाळू बघून येऊ. त्या पोपटानं काय चिखल करून ठेवलाय कोण जाणे." दाराशी खुंटीवर सदरा होता. तो त्यानं ओढला आणि एक हात बाहीत घातला. "बरं, मला एक सांग. त्या दिवशी तू वाळूत हात घातलास तेव्हा ती कशी लागली तुला? थोडी तरी ओल होती ना? म्हणूनच म्हणालास ना तू?"

सहज विचारलं होतं त्यानं. होय, थोडी होती, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. नाही, बरोबर होती, मीच चुकलो, हेही चाललं असतं. ओताऱ्याला दोन्ही उत्तरं समोर दिसत होती. पण तो खरं सांगायला आला होता, आणि इथवर आल्यावर थांबायचं कसं, हे त्याला कळलं नाही.

"मी हात घातलाच नव्हता."

"म्हणजे?"

"वाळू बघितलीच नव्हती मी. मालकांनी विचारलं आणि तोंडाला आलं ते बोललो."

धाकट्याचा एक हात बाहीत होता, दुसरी बाही मागे लोंबत होती.

"बघितलीसुद्धा नाहीस?"

ओताऱ्यानं मान हलवली.

"मी अजून त्या दिवसाच्या मुठी आठवतो," धाकटा हळू म्हणाला. "पोती शिवताना आठवतो. सकाळची पहिली, चहाच्या आधीची, चहानंतरची. दादाला कोणत्या मुठीत ओल लागली असेल? मला वाटायचं, दादानं हात लावला, त्याला कळलं, आणि मला कळलं नाही." त्यानं लोंबणारी बाही मुठीत धरली. "तेवढ्यासाठी मी सोडलं सगळं. भोकांसाठी नाही."

त्यानं बाहीतून हात काढला. सदरा झटकला, खांद्याची शिवण नीट केली आणि परत खुंटीला लावला.

"मालकांना सांग, माणूस मिळाला नाही."

"अरे, पण..."

"आणि घरात यातलं काही बोलू नकोस. त्यांना आपलं हसू दे."

"माझ्यावर रागावलास?"

"माहीत नाही, दादा," धाकटा म्हणाला. तो खरंच विचार करून म्हणाला, आणि तुकडे फडक्यात गुंडाळायला त्यानं मदतही केली.

ओतारी आतल्या खोलीतून निघाला तेव्हा भावजय पदराला हात पुसत पुढे आली. "हे काय, निघालात? इतक्या वर्षांनी आलात, जेवल्याशिवाय सोडायची नाही मी."

"नको," तो म्हणाला. चपला पायांत सरकवताना त्याला डावी-उजवी कळेना. "उशीर झालाय."

"उशीर कसला, दादा," ती हसून म्हणाली. "अजून चार तर वाजलेत."